नाच्या, पैलवान आणि प्राध्यापक

कोल्हापुरात खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून बांधली गेली. मैदान १९१२ चे, नाट्यगृह १९१५ चे, आणि दोन्हींमागे राजर्षी शाहू महाराजच. मैदानात तांबड्या मातीत पैलवान झुंजायचे. भिंतीपलीकडे नऊवारी नेसलेला, खोपा घातलेला पुरुष नायिका म्हणून उभा राहायचा आणि लोक त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचे. ज्या केशवरावांचे नाव नाट्यगृहाला मिळाले, ते पोरवयात ‘संगीत शारदा’मधली शारदा करूनच महाराष्ट्रभर गाजले होते. पुढे त्यांनी पुरुष भूमिका घेतल्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाकडे प्रेमाची याचना करतो आहे आणि समोरचा अवघा भारावलेला महाराष्ट्र ती याचना डोळ्यांत साठवतो आहे, असा तो प्रयोग. त्यात कुणालाही काही वावगे वाटले नाही.

महाराष्ट्राच्या मर्दानीपणाचे पोवाडे आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. ते खोटे नाहीत. पण याच मातीत पुरुषाने बाईचे रूप घेण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. तमाशात बायका येण्याच्या कितीतरी आधी नाच्या पोऱ्या होता. गणानंतर गवळण आली की पेंद्याबरोबर येणारी मावशी आजही बहुतेक वेळा पुरुषच असतो. बालगंधर्वांच्या साड्या, दागिने, केशरचना यांचे अनुकरण घराघरांतल्या बायकांनी केले. रंगमंचावर आपण पुरुषातल्या नाजूकपणाला डोक्यावर घेतले. मग तोच नाजूकपणा शेजारच्या मुलाच्या चालण्यात दिसला की आपला हात दगडाकडे का जातो, हा प्रश्न या लेखामागे आहे.

कारण समलिंगी पुरुष म्हटले की मराठी मनात आजही एकच चित्र उमटते. लचकत चालणारा, हात हलवत बोलणारा, मान वेळावणारा, समोरच्या प्रत्येक पुरुषावर टपलेला आणि म्हणून हसण्याजोगा. हे चित्र कुठून आले हे तपासायला लागलो की पहिला थांबा पुन्हा कोल्हापूरच ठरतो.

कोल्हापूरच्या गणपत पाटलांचे नाव ज्यांना आठवत नाही, त्यांनाही ‘आत्ता गं बया’ हे उद्गार आठवतात. १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने तमाशापटांची लाट आणली आणि त्या लाटेत नाच्याची जागा ठरून गेली. ती जागा दशकानुदशके गणपत पाटलांनी भरली. फडाचा मालक, गावचा पाटील, ढोलकीवाला, नर्तकी बदलत गेले. नाच्या तोच राहिला. गणपत पाटील मोठे नट होते. कंबरेतली लय, डोळ्यांची उघडझाप, वाक्य तोडण्याची त्यांची तऱ्हा हे सगळे कमावलेले कसब होते. त्यांच्यामागे संसार होता, मुलेबाळे होती. पण पडद्यावरचे रूप त्यांच्या अंगाला असे चिकटले की लोक त्यांना खरोखरच तसे समजू लागले. रस्त्यात टिंगल झाली. त्याची झळ घरच्यांना, अगदी मुलांच्या सोयरिकी जुळवतानाही बसली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘रंग नाच्याचे’. २००८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांत त्यांच्या कलेचे कौतुक भरभरून आले. जिवंतपणी जे सोसावे लागले त्याची भरपाई त्या कौतुकाने होणार नव्हती.

त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणताना सगळे एक वाक्य जोडतात: ‘अहो, ते तसे नव्हते.’ म्हणजे तसे असते तर टिंगल रास्त ठरली असती. या वाक्यापाशी थांबायला हवे. पाटलांना छळणाऱ्या लोकांना ते कुणावर प्रेम करतात याच्याशी काडीचेही देणेघेणे नव्हते. त्यांना खटकत होता तो पुरुषाच्या अंगात उतरलेला बाईपणा. मला वाटते, समलिंगी पुरुषांबद्दलच्या आपल्या तिरस्काराचे मूळ इथे आहे. बाईला आपण खालची मानतो, म्हणून बाईसारख्या दिसणाऱ्या पुरुषाला तिच्याहून खालचा मानतो, आणि समलिंगी पुरुष म्हणजे बाईसारखा पुरुष असे समीकरण मांडून मोकळे होतो. आपल्या राजकारणातही हेच चालते. अधिकारी काम करत नाही, मग आंदोलक त्याला बांगड्यांचा आहेर करतात. टेबलावर साडीचोळी ठेवतात. त्यात महिला आघाड्याही पुढे असतात. बांगडी हा अपमान आहे हे ती देणाऱ्या बाईलाही मान्य असते, इतके ते मुरलेले आहे.

पुरुषाने साडी नेसणे मराठी प्रेक्षकाला चालते, एका अटीवर. साडीच्या आत ‘खरा पुरुष’ आहे याची खात्री हवी. ‘मोरूची मावशी’ आपण पिढ्यानपिढ्या पाहिली. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ अजूनही टीव्हीवर लागला की घर एकत्र बसते. पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून दोघे मित्र बायका होतात, पण त्यांचे प्रेम बायकांवर आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. साडी म्हणजे युक्ती आहे, गरज संपली की उतरणार आहे. त्या चित्रपटावर माझे मनापासून प्रेम आहे आणि तो कुणाचा अपमान करायला काढलेला नाही. तरीही तो पाहताना साडीतला पुरुष हा निश्चितपणे विनोद असतो, हा धडा आपण सगळ्यांनी गिरवला. टीव्हीवरच्या हास्यकार्यक्रमांनी पुढे तो धडा आठवड्यातून दोन-दोनदा गिरवून घेतला. हिंदी सिनेमाने तर १९९१ च्या ‘मस्त कलंदर’मध्ये अनुपम खेर यांना पिंकू करून हा साचा रंगासकट पक्का केला आणि पुढची वीसेक वर्षे तो मोडला नाही.

२०१० साली रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा शेतमजूर, अंगापिंडाने पैलवान. तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो आणि नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी या एका भूमिकेसाठी आधी पैलवानाचे शरीर कमावले आणि मग ते उतरवले. गुणाचे गाव त्याच्यावर थुंकते, घर तुटते, आणि शेवटी राजकीय वैरातून काही पुरुष त्याच्यावर बलात्कार करतात. मराठी सिनेमात पुरुषावरच्या बलात्काराकडे इतक्या गंभीरपणे क्वचितच पाहिले गेले असेल. नाच्याकडे माणूस म्हणून बघायला या चित्रपटाने लावले, हे त्याचे मोठे काम. पण त्यातही प्रेक्षकाला सतत एक दिलासा दिला जातो: गुणा आतून मर्द आहे, त्याचे मन फडातल्या नयनावर आहे, बायकीपणा ही कलेसाठी केलेली तपश्चर्या आहे. आपली सहानुभूती त्या दिलाशावर उभी राहते. गुणाला ते हातवारे शिकावे लागले नसते, ते जन्मापासून त्याचेच असते, तर आपण त्याच्यासाठी रडलो असतो का? खुद्द तमाशाच्या फडांत असे किती तरी कलावंत होऊन गेले, ज्यांना ते शिकावे लागले नव्हते. त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत.

आता अगदी उलट टोकाचा माणूस पाहू. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवत होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. त्याला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. लग्न झाले होते, ते टिकले नव्हते. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यातून दिसतो तो एकटा, अबोल, कवितेत आणि जुन्या गाण्यांत रमणारा, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा मास्तर. लचकणे नाही, टाळी नाही, पिंकूचा गुलाबी रंग नाही. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या विद्यापीठातल्या घरात घुसली. सिरस एका सायकलरिक्षा चालवणाऱ्या माणसासोबत होते. ते चित्रित करण्यात आले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने त्यांना गैरवर्तनाच्या आरोपाखाली निलंबित केले. घर सोडायला सांगितले.

तारीख नीट पाहावी. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून वगळले होते. म्हणजे त्या रात्री सिरस यांनी केले ते दंडनीय उरले नव्हते. परवानगीवाचून घरात घुसणे मात्र होते. तरीही शिक्षा कुणाला झाली ते आपण जाणतो. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१० रोजी निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्या मृत्यूचे गूढ उकलले नाही.

हंसल मेहतांनी त्यांच्यावर ‘अलीगढ’ काढला. मनोज बाजपेयींनी केलेले सिरस पाहून २०१६ साली देशभर लोक हेलावले. पण आपल्या साहित्यविश्वाने या कवीसाठी काय केले? मराठीचा एक प्राध्यापक, पुरस्कारप्राप्त कवी, परप्रांतात मराठी शिकवत असताना अशा रीतीने बेघर होतो, मरतो, आणि मराठी माणसाला त्याचे नाव हिंदी चित्रपटातून कळते, ही गोष्ट मला अजून टोचते. त्यांचा संग्रह आज दुकानात मागून पाहावा. आणि त्या रात्री त्यांच्यासोबत असलेला रिक्षावाला? तो तर कथेतून जवळजवळ नाहीसाच झाला. प्राध्यापकाची बाजू घ्यायला वकील, पत्रकार, कार्यकर्ते उभे राहिले, ते योग्यच झाले. हातावर पोट असलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे विचारणारे मोजकेच निघाले.

पाटील समलिंगी नव्हते, तरी बायकी भूमिका केल्या म्हणून हिणवले गेले. सिरस त्या चित्रात कुठेच बसत नव्हते, पण कॅमेरा घरात आल्यावर वर्षानुवर्षांची विद्वत्ता एका रात्रीत पुसली गेली. साचा दोघांनाही चुकला नाही. ज्याच्यात बाईपण दिसते त्याला तो पकडतो, ज्याच्यात दिसत नाही त्याला तो लपून राहायला लावतो.

लपून राहण्याची किंमत एकटा लपणारा भरत नाही. ‘लग्न करून टाका, आपोआप सुधारेल’ हा सल्ला खेड्यात देतात तसाच पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही देतात. मुलगा कमावता आहे, व्यायाम करतो, दाढी राखतो, मग ‘तसा’ कसा असेल, असा आईवडिलांचा प्रश्न असतो. साचा इथे पुराव्याचे काम करतो: तू नाच्यासारखा नाहीस, म्हणजे तुला काही झालेले नाही. मग मुलगी बघतात. तिला काही सांगत नाहीत. लग्नानंतर महिने जातात, नवरा जवळ येत नाही, आणि ती पोरगी आपल्या रूपात, वागण्यात, नशिबात खोट शोधत बसते. सासू तिलाच डॉक्टरकडे नेते. समलिंगी पुरुषांच्या हालांविषयी लिहिताना या बायकांचा उल्लेख ओझरता येतो. तो तसा येऊ नये. तिचे आयुष्य कुणाच्या तरी पुरुषत्वाचा दाखला म्हणून वापरले गेलेले असते.

साच्याची आणखी एक करामत वस्त्यांमध्ये, बसस्थानकांच्या आसपास, रेल्वेच्या आडोशाला एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांना फार लवकर दिसली. तिथे पुरुषांशी संबंध ठेवणारे सगळे पुरुष स्वतःला एकाच जातीचे मानत नाहीत. जो नाजूक, तो कोती. जो ‘पुरुषाची’ बाजू घेतो तो पंथी, आणि तो स्वतःला समलिंगी मानतच नाही. ‘मी तर मर्दच आहे, घरी बायको आहे,’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो. तपासणीला चल म्हटले की तो म्हणतो, तो आजार त्यांना होतो. ओळखीवर बोट ठेवले तर असा माणूस निघून जातो, हे कळल्यामुळेच सरकारी कार्यक्रमाने माणसाच्या ओळखीऐवजी वागणुकीवर बोट ठेवले आणि ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा शब्दप्रयोग स्वीकारला. या जगात मोठेपणाची उतरंड इच्छेवरून ठरत नाही. कोण किती पुरुषी यावरून ठरते. बदनामी सगळी कोतीच्या वाट्याला, मार त्याला, पोलिसांचा दंडुका त्याला.

वाटेल की शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, उघडपणे समलिंगी असलेल्या पुरुषांत तरी हे नसेल. डेटिंग ॲपवरची वर्णने वाचली की भ्रम फिटतो. ‘फक्त मर्दानी’, ‘बायकी नकोत’, ‘स्ट्रेट ॲक्टिंग’, ‘नो फेम्स’. ज्यांना शाळेत हिणवले गेले तेच मोठे होऊन तीच वाक्ये दुसऱ्याला ऐकवतात. दंड, छाती, पोटावरच्या रेषा यांची इतकी आराधना चालते की चेहऱ्याचा फोटो नसला तरी चालतो, धड मात्र दिसले पाहिजे. व्यायाम करावा, शरीर सुंदर असावे, यात दोष नाही. पण त्या धडामागे भीती आहे: मला कुणी ‘तसला’ म्हणू नये. आणि या भीतीवर डल्ला मारणारेही तयार असतात. ॲपवर ओळख काढायची, खोलीवर बोलवायचे, मारहाण करून पैसे उकळायचे आणि घरी सांगण्याची धमकी द्यायची, असे गुन्हे शहराशहरांत घडतात. बळी पडलेला बहुधा तक्रार करत नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न काय येईल, हे त्याला ठाऊक असते.

चळवळीच्या बाजूनेही एक सोपा बचाव नेहमी पुढे येतो. समलिंगी पुरुष तुमच्या-आमच्यासारखेच असतात, इंजिनिअर असतात, सैनिक असतात, पैलवान असतात, बघा, ओळखूही येत नाहीत! हे खरे आहे आणि सांगायलाही हवे. हा बचाव मांडणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण त्यात एक मुलगा बाहेर राहतो. ज्याला लांबून ओळखता येते तो. ज्याचा आवाज फुटला तरी जड झाला नाही, ज्याचे हात बोलताना स्वस्थ राहत नाहीत, जो कबड्डीच्या संघात सगळ्यांत शेवटी घेतला जातो. स्नेहसंमेलनात त्यालाच लावणीला उभे करतात, शिट्ट्या पडतात, बाई कौतुक करतात, आणि सोमवारपासून वर्गात त्याच लावणीवरून त्याचे जगणे अवघड होते. ‘ओळखू न येणाऱ्यांना’ मान देऊन भागणार नाही. ओळखू येणारा मुलगा ज्या दिवशी निर्धास्त शाळेत जाईल, त्या दिवशी बाकीचे आपोआप सुरक्षित होतील, कारण ते ज्याच्यासारखे दिसायला घाबरतात तो हाच आहे. २०२३ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने साडी नेसून, दागिने घालून छोटा व्हिडिओ टाकला होता. त्याखाली शिव्यांचा पाऊस पडला. दिवाळी सरते न सरते तोच त्याने जीव दिला. तो समलिंगी होता की नव्हता हे शिव्या देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. त्याची गरजही वाटली नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ व्हावी. बायकीपणा, समलिंगी असणे आणि तृतीयपंथी असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणात एक असते, कुणात दोन, कुणात एकही नाही. स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला पुरुष म्हणून हिणवणे आणि स्वतःला पुरुष मानणाऱ्याला ‘तू पुरुष नाहीस’ म्हणणे, हे एकाच अडाणीपणाचे दोन हात आहेत. समलिंगी असणे हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्य केले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तसे जाहीरपणे सांगितले. तरीही ‘बरे करून देतो’ म्हणणारे दवाखाने चालूच आहेत.

आपल्याकडे हे बोलायची हिंमत कुणी केलीच नाही असे मुळीच नाही. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबईतल्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात, तर जाणकाराने उत्तर देणे हा गुन्हा कसा, ही त्यांची भूमिका होती. कर्वे खटला हरले, त्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत यायला हवा होता. तो आला असता तर ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणणाऱ्यांना उत्तर घरातच सापडले असते. खूळ बाहेरून आले ते कलम ३७७. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेबरोबर.

पुढचा धागा अशोक राव कवींपाशी येतो. १९९० साली त्यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभी केली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करून मराठीत पुस्तके, हेल्पलाइन, व्याख्याने यांचे काम चिवटपणे केले. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला आपल्या मनातले वाचायला मिळाले ते या मराठी पुस्तकांमुळे. २०११ मध्ये पुण्यात अभिमान यात्रा निघाली तेव्हा ती पाहायला थांबलेल्यांत अनेकांनी पहिल्यांदाच पाहिले की या रांगेत सर्व तऱ्हेची माणसे आहेत.

साहित्याने साचा मोडायचे काम आधीच सुरू केले होते. सतीश आळेकरांच्या १९७९ च्या ‘बेगम बर्वे’मध्ये संगीत रंगभूमीवर बारीकसारीक स्त्रीभूमिका करून उरलेला, उदबत्त्या विकणारा बर्वे भेटतो. त्याला नायिका व्हायचे आहे, संसार हवा आहे, मूल हवे आहे. हे नाटक त्याला हसत नाही. पुरुषाच्या अंगातले बाईपण हा युक्तीचा भाग न ठरवता त्याची आस म्हणून मांडण्याचे धैर्य त्यात आहे, आणि म्हणून मी त्याला ‘नटरंग’च्या पुढचे मानतो, जरी ते तीस वर्षे आधीचे असले तरी. सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीने वेगळे केले. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक भाडेकरू येतो, घरातला मुलगा तनय आणि मुलगी दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तनयचे दुःख प्रेमभंगाचे आहे, समलिंगी असण्याचे नाही. इतक्या साधेपणाने हे मराठीत क्वचितच आले होते.

न्यायालयातही पावले पडली, मागे-पुढे होत. २००९ ला मिळालेले २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतले आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने परत दिले. २०२३ मध्ये विवाहाचा प्रश्न आला तेव्हा केंद्र सरकारने लेखी म्हणणे मांडले की ही शहरी उच्चभ्रूंची दृष्टी आहे. हाही साचाच. फडात नाचणारा, वस्तीतला कोती, अलीगढचा रिक्षावाला यांतला कोण उच्चभ्रू होता? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क नाकारला गेला.

आणि मग १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम ३७७ नाही. ऐकायला बरे वाटते. पण २०१८ च्या निकालाने या कलमाचा एक भाग मुद्दाम जिवंत ठेवला होता: संमतीविना झालेला अत्याचार. प्रौढ पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्कारासाठी आपल्याकडे तेवढेच एक कलम होते. नव्या संहितेतले बलात्काराचे कलम ६३ स्त्रीवरच्या अत्याचारापुरते आहे. संमतीविना अत्याचारापुरते ते जुने कलम ठेवावे अशी शिफारस संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने केली होती. ती घेतली गेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला याचा जाब विचारला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम संसदेचे आहे असे सांगून याविषयीची याचिका फेटाळली. पुरुषावर बलात्कार होऊच कसा शकतो, तो पुरुष आहे ना, हा चावडीवरचा समज अशा रीतीने कायद्याच्या गाळलेल्या जागेत जाऊन बसला. गुणा कागलकर या कायद्याखाली फिर्याद द्यायला गेला, तर ठाणे अंमलदाराला मारहाण लिहून घेता येईल, दुखापत लिहून घेता येईल, डांबून ठेवले म्हणून लिहून घेता येईल. त्याच्यावर जे झाले, ते लिहायला रकाना नाही.